खांदा, लंबक आणि अर्धा लिटर पाणी



फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपण काय काय सोडवलं? भिंतीला टेकलेली शिडी, पूल, क्रेन, पुली, उतारावरचा ठोकळा... सगळ्यांचे फ्री बॉडी डायग्राम काढून झाले. पण ज्या हाताने ते काढले त्या हाताचा डायग्राम कुणी काढला आहे का? नाही ना! तो हात आपल्याला फुकट मिळाला आहे, त्यामुळे त्याची किंमत नाही. आधी ड्रॉइंग शीटवर चार-चार तास वाकायचं, मग लॅपटॉपवर वाकायचं, उरलेल्या वेळात मोबाईलवर. खांदे कानाकडे चढलेले, मान पुढे, पाठीला पोक. आणि मग एक दिवस जोश येतो. आपण जिममध्ये जातो आणि पहिल्याच दिवशी पाच-पाच किलोचे डंबेल डोक्यावर उचलतो. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट काढताना आईची आठवण येते.

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे ज्यांना खांदा मोकळा करायचा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते माहीत नाही. जिम नको, पैसे नकोत, घरातली पाण्याची बाटली पुरते. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे. पण घरी अशी वेळ आली की हा विषय मला नीट समजून घ्यावा लागला. म्हटलं, जर्नल लिहितो तसंच लिहावं. आधी थिअरी, मग साहित्य, कृती, खबरदारी आणि शेवटी निरीक्षणं.

उखळ की बशी?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे आम्हाला ‘बॉल अँड सॉकेट जॉइंट’ एवढंच शिकवलं होतं. मराठी माध्यमातल्या मैत्रिणीने सांगितलं की त्यांच्या पुस्तकात याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. काय सुंदर शब्द आहे! ऐकताच चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. पण गंमत अशी की हा शब्द कमरेच्या सांध्याला जितका शोभतो तितका खांद्याला शोभत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खरोखर खोल उखळीत बसलेला असतो. खांद्यात मात्र उखळ नसून बशी आहे! दंडाच्या हाडाचा गोल डोका मोठा आणि त्याला टेकायला मिळालेली खोबण उथळ. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच बशीला लागून असतो. म्हणून डॉक्टर लोक टी वर ठेवलेल्या गोल्फ बॉलची उपमा देतात. आपण गोल्फ खेळत नाही, तेव्हा बशीतला लिंबू समजा.

आता डिझाइनच्या भाषेत बोलायचं तर हा ट्रेड-ऑफ आहे. खोबण उथळ ठेवली म्हणून हात जवळजवळ सगळ्या दिशांना फिरतो. पण त्याची किंमत म्हणून सांधा अस्थिर झाला, आणि शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. मग लिंबू बशीतून घरंगळत का नाही? कारण चार छोटे स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यांना एकत्र मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. आरशात दिसणारा गोलाकार डेल्टॉइड स्नायू हात उचलतो खरा, पण गोळा जागेवर ठेवण्याचं बिनबोभाट काम हे चौघे करतात.

आणखी एक पार्ट आपण विसरतो, तो म्हणजे पाठीवरचा खवाटा. माझी आजी ‘खवाट्यात कळ येते’ म्हणायची तेव्हा मला कळायचंच नाही ती कुठे दाखवते आहे ते. ही बशी मुळात खवाट्याचाच भाग आहे. हात बाजूने वर १८० अंशांपर्यंत जातो, त्यातले ढोबळमानाने १२० अंश सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात. म्हणजे दोनास एक हे प्रमाण. १९४४ साली इनमन, सॉन्डर्स आणि ॲबट या तिघांनी ते मांडलं. त्यामुळे पोक काढून बसलेल्या माणसाचा हात पूर्ण वर जात नाही, कारण त्याचा खवाटा अडकलेला असतो. खोटं वाटत असेल तर आत्ताच पोक काढून हात वर करून बघा, मग ताठ बसून पुन्हा करा. फरक लगेच कळेल.

बाटली खरंच हलकी आहे का?

चला, एक गणित करू. समजा तुमचं वजन ६० किलो आहे. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं, म्हणजे ३ किलो. हात आडवा, जमिनीला समांतर धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून अंदाजे ३० सेंटिमीटरवर येतो. म्हणून नुसत्या रिकाम्या हाताचा मोमेंट झाला ३ गुणिले ९.८१ गुणिले ०.३०, म्हणजे सुमारे ८.८ न्यूटन-मीटर. आता मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली द्या. तिचं अंतर ६० सेंटिमीटर. ०.५ गुणिले ९.८१ गुणिले ०.६० म्हणजे २.९ न्यूटन-मीटर.

हा मोमेंट पेलायचा कोणी? खांद्याच्या स्नायूंनी. आणि त्यांना मिळालेला लिव्हर आर्म किती? सुमारे ३ सेंटिमीटर! आता भागाकार करा. रिकामा हात धरायलाच स्नायूंना जवळजवळ ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. अर्ध्या किलोची बाटली त्यात आणखी १० किलोची भर घालते. २ किलोचा डंबेल घेतलात तर ४० किलोची. वजन हातात एक, खांद्यावर वीसपट! आता सांगा, बाटली हलकी आहे का?

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, नवशिक्याला अर्धा किलो पुष्कळ झाला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसरी, वजन कमी करायचं नसेल तर अंतर कमी करा. कोपर वाकवलं की बाटली खांद्याच्या जवळ येते आणि मोमेंट उतरतो. आपल्या तालमींतल्या पहिलवानांना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं. मुद्गल फिरवताना हात लांब ताणून धरत नाहीत, मुद्गल खांद्यावरून पाठीमागे सोडतात आणि त्याच्या झोक्याचा उपयोग करून पुढे आणतात. मुद्गलाचीच लहान भावंडं ब्रिटिशांनी आपल्याकडून उचलली, त्यांना ‘इंडियन क्लब्ज’ नाव दिलं, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. असो.

आमच्या घरचा खांदा

मागच्या वर्षी माझ्या आईचा उजवा खांदा धरला. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. सुरुवातीला तिने कुणालाच सांगितलं नाही. मला सुट्टीत घरी गेल्यावर कळलं ते असं की वरच्या फळीवरचे सगळे डबे खालच्या फळीवर आले होते. वेणी ती मान एका बाजूला झुकवून घालत होती, बसमध्ये वरची दांडी डाव्या हाताने धरत होती आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणून उठून बसत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘हात अजिबात हलवू नको, आराम दे.’ दुसऱ्या कुणी सांगितलं, ‘मालीशवाल्याकडून एक झटका मारून घे, मोकळा होईल.’ दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले आणि दोन्ही चुकीचे!

डॉक्टरांनी तपासून ‘फ्रोझन शोल्डर’ असं निदान केलं. यात सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आकसतं. बहुतेक वेळा हा त्रास ४० ते ६० या वयात होतो, बायकांना जास्त होतो आणि मधुमेह असलेल्यांना तर बराच जास्त होतो. त्याच्या तीन पायऱ्या असतात. आधी खूप दुखतं, मग दुखणं कमी होतं पण खांदा आखडतो, आणि मग तो हळूहळू सुटत जातो. यात एक ते तीन वर्षंसुद्धा जाऊ शकतात. अजिबात हलवलं नाही तर तो आणखी आखडतो आणि झटका दिला तर इजा होते. मधला रस्ता एकच, थोडं थोडं पण रोज. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला पहिल्या दिवशी जो व्यायाम दिला तो बघून मी उडालेच. तो चक्क आपला लंबक होता! साधा पेंड्युलम, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधला.

कॉडमन कोण होते?

या व्यायामाला ‘कॉडमन पेंड्युलम’ म्हणतात. अर्नेस्ट अमोरी कॉडमन हे बॉस्टनचे सर्जन, जन्म १८६९, मृत्यू १९४०. १९३४ साली त्यांनी खांदा या एकाच विषयावर जाडजूड पुस्तक काढलं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यांनीच रूढ केलं.

त्यांची कल्पना इंजिनिअरला शोभेल अशी होती. दुखऱ्या खांद्याला हात उचलायला लावला की स्नायूंना कितीतरी पट जोर लावावा लागतो, म्हणून दुखतं. मग हात उचलायचाच कशाला? कमरेत वाका! धड जमिनीला समांतर झालं की हात गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली लोंबतो. पण धडाच्या हिशेबाने पाहिलं तर तोच हात ९० अंशांतून वर गेलेला आहे. काम पूर्ण झालं आणि स्नायूंनी काहीच केलं नाही. रेफरन्स फ्रेम बदलली, प्रश्न सुटला!

साहित्य

एक भक्कम टेबल किंवा खुर्ची, अर्ध्या लिटरची एक बाटली, एक लिटरची एक बाटली, छोटी कापडी पिशवी, घडी केलेला टॉवेल, पेन्सिल आणि मोकळी भिंत. बाटली नसेल तर अर्धा किलो डाळीचा पुडा चालेल. पाण्याचा मोठा फायदा असा की १०० मिलिलिटर म्हणजे १०० ग्रॅम, तेव्हा वजन हवं तेवढं अचूक वाढवता येतं. एवढं ॲडजस्टेबल डंबेल बाजारात मिळायचं नाही.

आधी खबरदारी

पडल्यावर किंवा अपघातानंतर खांदा दुखत असेल, पूर्वी निखळला असेल, ऑपरेशन झालं असेल, हातात मुंग्या येत असतील किंवा जोर गेला असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर व्यायामाचा विचारच नको, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. कमरेचा त्रास किंवा चक्कर असेल तर वाकायचा व्यायाम विचारूनच करा.

दुखण्याला ० ते १० असे मार्क द्या. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल. त्यापुढे गेलं किंवा रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

कृती १ : लंबक

चांगला हात टेबलावर टेका. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित वाकवा आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाका. दुखरा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबू द्या. आता महत्त्वाचं म्हणजे हात हलवायचा नाही. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या, हात आपोआप झुलेल. पुढे-मागे २० झोके, डावी-उजवीकडे २० झोके, मग घड्याळाच्या दिशेने १० छोटी वर्तुळं आणि उलट दिशेने १०. वर्तुळ जेवणाच्या ताटाएवढं पुरे. मोठी वर्तुळं काढायला गेलात की स्नायू जागे होतात आणि लंबकाचा उद्देशच संपतो. दिवसातून दोन-तीन वेळा करा.

पहिला आठवडा रिकाम्या हाताने. न दुखता जमू लागलं की अर्ध्या लिटरची बाटली घ्या. बाटली काठोकाठ भरा, अर्धवट भरलेलं पाणी आत डुचमळतं आणि झोका बिघडवतं. बाटली मुठीत धरली की काही जणांचा सगळा हात ताठ होतो. त्यांनी बाटली कापडी पिशवीत घालून पिशवीचे बंद मनगटात अडकवावेत. बंद मात्र आखूड हवेत, नाहीतर लंबकाला लंबक लागून डबल पेंड्युलम होईल आणि तो कुठे जाईल ते आपल्या व्हायब्रेशनच्या सरांनाही सांगता येणार नाही!

बरोबर होतंय की नाही हे ओळखायची एक इंजिनिअरिंग युक्ती आहे. सुमारे ७० सेंटिमीटरचा हात आणि त्यात छोटं वजन, याचा नैसर्गिक पिरियड साधारण दीड सेकंद येतो. म्हणजे २० झोक्यांना अर्धा मिनिट. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. तुमचे २० झोके १५ सेकंदांत संपले तर समजा, हात झुलत नाही, तुम्ही तो हलवता आहात.

कृती २ : भिंतीवर बोटं

भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभे राहा. बोटं भिंतीवर टेकवून मुंगीसारखी वर चालवा. भार भिंतीवर, खांदा कानाकडे चढवायचा नाही. ताण जाणवला की तिथे १० ते १५ सेकंद थांबा आणि बोटं चालवतच खाली या. पाच वेळा करा. सर्वांत वर जिथे बोट पोचलं तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारा.

कृती ३ : बाटली उचलणे

ही कृती ज्यांचा खांदा दुखत नाही, फक्त जड झाला आहे, अशा आपल्यासारख्यांसाठी. दुखरा खांदा शांत होईपर्यंत इकडे वळू नका.

एक लिटरच्या बाटलीत २५० मिलिलिटर पाणी घ्या. ताठ उभे राहा. हात अगदी समोर नको आणि अगदी बाजूलाही नको, बाजूपासून साधारण ३० अंश पुढे ठेवा. खवाटा पाठीवर याच कोनात बसलेला असतो, त्यामुळे इथे सांध्यावर ताण कमी येतो. अंगठा आकाशाकडे, कोपर किंचित वाकलेलं. तीन आकडे मोजत खांद्याच्या उंचीपर्यंत वर, चार आकडे मोजत खाली. ८ ते १० वेळा, मग एक मिनिट विश्रांती आणि पुन्हा एकदा. अंगठा जमिनीकडे करू नका. खांद्याच्या वरचं हाड आणि दंडाचा गोळा यांच्यामध्ये जेमतेम एक सेंटिमीटर जागा असते. अंगठा खाली केला की तिथला टेंडन चिमटला जाऊ शकतो.

कृती ४ : बिजागरी

चांगल्या कुशीवर झोपा. वरच्या हाताचं कोपर ९० अंशांत वाकवून बरगडीला टेकवा आणि मध्ये टॉवेलची घडी ठेवा. हातात तीच २५० ग्रॅमची बाटली. कोपर न उचलता मनगट हळूहळू वर आणा, जणू दार उघडतंय. १० वेळा करा. दिसायला अगदी फालतू व्यायाम, पण लिंबाला बशीत धरणाऱ्या त्या चौघांपैकी दोघे इथे काम करतात.

कृती ३ आणि ४ एक दिवसाआड करा. १२ वेळा आरामात जमू लागलं आणि दोन आठवडे झाले की १०० मिलिलिटर पाणी वाढवा. घाई नको.

थोडी गंमत

मॅट्रिक्स गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं हे एम-वनमध्ये घोकलंय. आता ते खांद्याने सिद्ध करू. उजवा हात बाजूला लोंबता, तळवा मांडीकडे. मनगट किंवा दंड मुद्दाम न फिरवता हात सरळ समोर ९० अंश उचला. आता तो आडवाच बाजूला न्या. आता खाली सोडा. हात मूळ जागी आला, पण तळवा बघा. मांडीकडे होता, आता समोर बघतोय! आपण तर हात पिळलाच नव्हता, मग ९० अंश आले कुठून? खांद्याच्या या चमत्कारिक गुणाला ‘कॉडमनचा पॅराडॉक्स’ म्हणतात. रोबोटिक्सवाल्यांनी यावर जरूर विचार करावा.

निरीक्षणं

कॉडमन यांची खरी ओळख मात्र आणखी वेगळी आहे. प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं याची नोंद हॉस्पिटलने ठेवावी, ऑपरेशन यशस्वी झालं नसेल तर का झालं नाही हे शोधावं आणि ते उघड सांगावं, असा त्यांचा आग्रह होता. याला ते ‘एंड रिझल्ट’ म्हणत. आज हे साधं वाटतं, पण त्या काळी त्यांच्या सहकाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलच्या चुका मात्र त्यांनी स्वतः छापल्या.

आपल्या जर्नलमध्ये रीडिंग कशी ‘येतात’ हे सगळ्यांनाच माहीत आहे! खांद्याच्या वहीत तसं करू नका. दर रविवारी तीन आकडे लिहा, भिंतीवरच्या रेघेची उंची, दुखण्याचे मार्क आणि बाटलीतलं पाणी.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आईच्या रेघा आहेत. पहिली १३८ सेंटिमीटरवर. मग तीन आठवडे रेघ जागची हलली नाही आणि ती म्हणाली, ‘जाऊ दे गं, आता वय झालं.’ चौथ्या आठवड्यात १४०. फक्त दोन सेंटिमीटर, पण रेघ होती म्हणून ते दिसले! रेघ नसती तर तिने व्यायाम तेव्हाच सोडला असता. आठ महिन्यांनी १८१. डावा हात १८९ पर्यंत जातो, म्हणजे अजून आठ सेंटिमीटरचं काम बाकी आहे. यात औषधं, साखरेवरचा ताबा आणि फिजिओथेरपिस्ट बाईंची चिकाटी या सगळ्यांचा वाटा आहे, एकट्या बाटलीचा नाही. पण रोजचं काम बाटलीने केलं.

निष्कर्ष

मोठं वजन एकदा उचलण्यापेक्षा छोटं वजन रोज झुलवणं खांद्याला जास्त मानवतं. आपण विशीत आहोत म्हणून खांदा अजून तक्रार करत नाही, पण आपल्या आई-बाबांचा कदाचित आत्ताच करत असेल आणि ते सांगत नसतील. या सुट्टीत घरी गेलात की त्यांना सहज म्हणा, ‘दोन्ही हात वर करून दाखवा बरं.’ एक हात मागे राहिला तर मधुमेहाची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि वरच्या फळीवरचे डबे खाली आलेत का, तेही बघा.